पानपिंपरी मसाला की औषध? : परदेशी जाणाऱ्या मालाचा नंबर ओळखा



अंजनगाव सुर्जीकडच्या एका श्रोत्याचे पत्र आले आहे. ते लिहितात, "आम्ही दहा-बारा जणांनी गट करून पानपिंपरी परदेशी पाठवायचे ठरविले आहे. आमचा माल वैद्य लोक औषधासाठी घेतात, म्हणून आम्ही कागदावर 'आयुर्वेदिक औषध' असे लिहिले. व्यापारी म्हणतो, 'मसाला' असे लिहा. तो आम्हाला फसवीत तर नाही ना?"

प्रश्न मोलाचा आहे. उत्तर ऐकून नवल वाटेल, पण या बाबतीत व्यापाऱ्याचेच म्हणणे बरोबर आहे. ते कसे, हे नीट समजून घेऊ.

मालाला नंबर कशासाठी?

आपल्या जमिनीला जसा गट नंबर असतो, तसाच देशाबाहेर जाणाऱ्या आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येक मालाला एक नंबर असतो. अश्वगंधेला आपल्याकडे कोणी आस्कंद म्हणतात, कोणी ढोरगुंज म्हणतात. परदेशातल्या कस्टम अधिकाऱ्याला यातले एकही नाव कळायचे नाही. नंबर मात्र त्याला लगेच कळतो. ही यादी १ जानेवारी १९८८ पासून जगात लागू झाली. ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटना ती सांभाळते. यादीतले पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे असतात. पुढचे दोन आपल्या सरकारने जोडले आहेत. असे आपल्याकडे एकूण आठ आकडे होतात.

या नंबरावरूनच जकात किती, परवाना लागेल की नाही आणि कोणत्या मंडळाची नोंदणी हवी, हे ठरते.

नंबर कशावरून ठरतो?

इथेच आपली गल्लत होते. गिऱ्हाईक माल कशासाठी घेतो, एवढ्यावरून नंबर ठरत नाही. वस्तू कोणती, तिचा भाग कोणता आणि ती कोणत्या रूपात आहे, हे आधी पाहतात.

औषधी व सुगंधी वनस्पतींचे मुख्य घर म्हणजे १२११. अश्वगंधेची मुळे, शतावरी, सफेद मुसळी, तुळस यांची जागा तिथे आहे. बाहेरून येणारा ज्येष्ठमधही त्यातच मोडतो. माल ओला असो, सुका असो, कापलेला असो की त्याची नुसती पूड केलेली असो, घर तेच राहते.

पण ज्या वस्तूला यादीत दुसरीकडे नावानिशी जागा दिली आहे, तिने १२११ मध्ये शिरायचे नाही. पानपिंपरी ही मिरीच्या कुळातली. म्हणून सुकी, अख्खी पानपिंपरी मिरीच्या घरात, ०९०४ ११ १० या नंबरावर बसते. हळदीचेही तसेच आहे. वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती काढ्यात घाला की वरणात, तिचा नंबर ०९१० ३० हाच. त्यातही ओली, सुकी आणि दळलेली यांचे शेवटचे आकडे अनुक्रमे १०, २० आणि ३० असे वेगळे आहेत.

रूप बदलले की घर बदलते

अश्वगंधेचे मूळ १२११ मध्ये. त्याचा अर्क काढला की तो १३०२ मध्ये जातो. अर्काच्या औषधी गोळ्या करून मात्रेप्रमाणे पाकिटे भरली की ३००४. तिखाडी किंवा गवती चहा यांचे भट्टीतून काढलेले तेल ३३०१ मध्ये.

भाग बदलला तरी आकडे बदलतात. इसबगोलाचे बी १२११ ९० १३ आणि त्याची भुशी १२११ ९० ३२. म्हणून मुळे, पाने, बिया एकाच पोत्यात कोंबू नका. अशा पोत्याला कोणता नंबर द्यावा, हे कोणालाच सांगता येणार नाही.

चुकले तर काय होते?

नंबर बरोबर लिहिला म्हणून भाव दुप्पट होतो, असे मी म्हणणार नाही. पण चुकला तर नुकसान नक्की आहे. कागदावर एक आणि पोत्यात दुसरेच निघाले, तर माल न्हावा-शेवा बंदरावर अडतो. जागेचे भाडे चढते आणि पावसाळी हवेत मालाला बुरशी धरते. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याप्रमाणे चुकीच्या माहितीबद्दल दंड होतो, माल जप्तही होऊ शकतो. व्यापाऱ्याने पाठविला असेल तर तो ही कसर पुढच्या खरेदीत तुमच्याच भावातून काढतो. गटाने स्वतःच्या नावावर पाठविला असेल तर जबाबदारी सरळ गटाची.

पत्रलेखक श्रोत्यांसाठी आणखी एक गोष्ट. पानपिंपरी मसाल्यात मोडते म्हणून तिच्या निर्यातीसाठी मसाला मंडळाची नोंदणी घ्यावी लागते. 'औषध' असे लिहून हे टळत नाही.

सर्पगंधेबाबत खास सावधगिरी

सर्पगंधेची मुळे १२११ ९० ४४ या नंबरावर येतात. पण नुसता नंबर पुरत नाही. जंगलातून खणलेली सर्पगंधा परदेशी पाठवायला बंदी आहे. शेतात लावलेली पाठविता येते, मात्र त्यासाठी वनखात्याकडून लागवडीचा दाखला आणि वन्य वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय कराराचा परवाना लागतो. म्हणून लागवडीच्या दिवसापासूनच नोंद ठेवा. रोपे वा बियाणे कोठून आणले त्याची पावती जपून ठेवा आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद करून घ्या. काढणी झाल्यावर दाखल्यासाठी धावपळ केली तर पुरावा कुठून आणणार?

आपण काय करावे?

१. प्रत्येक पोत्यावर चिठ्ठी लावा. तिच्यावर मराठी नाव, शास्त्रीय नाव, भाग, ओले की सुके आणि काढणीचा महिना लिहा. सफेद मुसळीच्या नावाखाली बाजारात निरनिराळी मुळे विकतात. तिथे शास्त्रीय नावच उपयोगी पडते.

२. वेगवेगळा माल वेगळा वाळवा, वेगळा भरा. माती, काडीकचरा काढून टाका.

३. माल नागपूरच्या इतवारीत जावो की नीमचच्या मंडीत, व्यापाऱ्याच्या बिलावरचा एच. एस. एन. क्रमांक पाहा. १ जुलै २०१७ पासून जीएसटीच्या बिलावर जो क्रमांक येतो, तो याच यादीतला आहे. पानपिंपरीच्या बिलावर १२११ दिसला तर तिथेच विचारा.

४. गटाला स्वतः निर्यात करायची असेल तर आयात-निर्यात क्रमांक काढा. घेणाऱ्या देशाला लागत असेल तर माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा वनस्पती संरक्षण विभागाचा दाखला घ्या. नंबर कस्टमच्या जाणकार दलालाकडून लेखी घ्या. यादीत मधूनमधून दुरुस्ती होते. २०२२ सालीही झाली. त्यामुळे मागच्या सालचा कागद पाहून नंबर उतरवू नका.

लागवडीविषयी शंका असल्यास अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात औषधी वनस्पतींचे नागार्जुन उद्यान आहे. तिथे जाऊन झाड प्रत्यक्ष पाहा, नाव पक्के करून घ्या.

मंडळी, बाजारात विकताना 'जडीबुटी' एवढे सांगून भागत असेल, बंदरावर भागत नाही. आपल्या पोत्यात काय आहे हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते. तेच नीट लिहून ठेवा, म्हणजे नंबर लावणाऱ्याची चूक होणार नाही आणि तिचा भुर्दंड तुमच्यावर पडणार नाही.