ऑपरेशननंतर आतडं का थांबतं?

पोटाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णाच्या खाटेशी, आपल्या नागपुरात मेडिकल असो की मेयो, राउंडला आलेले डॉक्टर एक गोष्ट हमखास विचारतात: "गॅस पास झाला का?" सुनेसमोर आजोबा लाजतात, पण त्या उत्तरावर पुढचं बरंच ठरतं. आज आपण त्यामागे काय चाललेलं असतं ते बघू.

पुष्कळांना वाटतं, भुलीमुळे आतडं झोपलं. पण भूल काही तासांत उतरते. लहान आतडं साधारण एका दिवसात हलायला लागतं, जठराला एक-दोन दिवस लागतात, मोठं आतडं मात्र दोन-तीन दिवस घेतं. मग इतका वेळ त्याला अडवतं कोण?

पहिला अडथळा मज्जातंतूंचा. पोट उघडलं, आतड्याला हात लागला, की मज्जातंतू ब्रेक लावतात. हा ब्रेक लवकर सुटतो. खरी गंमत तीन-चार तासांनी सुरू होते. आतड्याच्या स्नायूंच्या थरांत मॅक्रोफेज नावाच्या पहारेकरी पेशी एरवी शांत बसलेल्या असतात. सर्जनचा हात कितीही हलका असो, त्या जाग्या होतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींना हाका मारतात. त्या स्नायूत शिरतात. तिथे नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टाग्लँडिन तयार होतात, आणि स्नायू आकुंचनच विसरतो. म्हणजे हा जंतूंचा संसर्ग नव्हे, हा स्पर्शाचा दाह. 1998 साली पिट्सबर्गच्या संशोधकांनी उंदरांवर हेच दाखवलं: आतडं जितकं जास्त हाताळलं, तितका दाह जास्त आणि चाल तितकी मंद. आणि हात लागला लहान आतड्याला, तरी न शिवलेलं मोठं आतडंही रेंगाळतं!

म्हणून दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर आतडं सहसा लवकर चालू होतं, हाताळणी कमी ना. मॉर्फिनसारखी औषधं आतड्याला आणखी मंद करतात, म्हणून वेदनेवर शक्य तिथे दुसरे उपाय वापरतात. डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी 1990 च्या दशकात रुग्णाला लवकर उठवण्याचा आणि लवकर खायला देण्याचा आग्रह धरला. तेव्हापासून "गॅस झाल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही" हा जुना नियम सैल झालाय. च्युइंगमसुद्धा चघळायला देतात, जेवण आल्याचा निरोप मेंदूकडून आतड्याला जावा म्हणून. फायदा माफक आहे, पण खर्चही तितकाच. तरी सर्जनला न विचारता संत्र्याचा रस पाजू नका, मंडळी. फुगलेल्या पोटात तो उलटतो, आणि उलटी श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेततं.

आता घाबरायचं कधी? चौथ्या-पाचव्या दिवशीही पोट फुगतच चाललंय, हिरवट उलट्या होताहेत, ताप आहे, नाडी जोरात आहे. किंवा एकदा सुरू झालेलं आतडं पुन्हा थांबलंय. अशा वेळी नुसता दाह समजून वाट बघायची नाही. जोडलेल्या आतड्याची शिवण गळत असू शकते किंवा वाट अडलेली असू शकते. रात्रीचे दोन वाजले असले तरी सिस्टरला उठवायचं.