'ब्लाविकेनचा कसाई' : एका उपनामाची जडणघडण

वीरपुरुषास मिळणारे बिरुद हे सामान्यतः त्याच्या पराक्रमाचे संक्षिप्त रूप असते. निंदाव्यंजक उपनाम वेगळ्या रीतीने घडते. ते देणारा समाज पूर्वकथा विचारीत नाही. जे डोळ्यांसमोर घडले त्यावर तो निवाडा देतो आणि तो निवाडा दोन शब्दांत बसवून पुढच्या गावी पाठवितो. अद्भुतिकेच्या क्षेत्रात या प्रक्रियेचे ठळक उदाहरण म्हणजे 'द विचर' या संगणकीय खेळाचा नायक गेराल्ट आणि त्यास चिकटलेले 'ब्लाविकेनचा कसाई' हे नाव होय.

गेराल्टचा जन्म खेळात झालेला नाही. पोलिश लेखक आंजेय साप्कोव्स्की यांची त्याच्यावरील पहिली कथा १९८६ मध्ये 'फान्तास्तिका' या नियतकालिकात आली. मोबदला घेऊन राक्षसी प्राण्यांचा वध करणारा, बालपणीच शरीरात कृत्रिम परिवर्तन घडविलेला हा भटका योद्धा आहे. लोकांना तो हवा असतो, पण शेजारी नको असतो. त्याच्या उपनामाचे मूळ 'कनिष्ठ दुष्टता' अशा अर्थाच्या शीर्षकाच्या, १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कथेत आहे.

या कथेच्या आरंभी ब्लाविकेन हे गेराल्टला परके गाव नाही. तेथील नगरप्रमुख काल्डेमेन त्याचा स्नेही आहे. तो त्याला घरी जेवावयास बोलावितो. गावातील बुरुजात लपून राहिलेला स्ट्रेगोबोर हा मांत्रिक गेराल्टकडे एक मागणी करतो : रेन्फ्री नावाची तरुणी आपल्या जिवावर उठली आहे, तिला ठार कर. त्याच्या मते ती ग्रहणकाळी जन्मलेली, शापित आणि विकृत आहे. अशा मुलींना बुरुजांत कोंडणे वा मारणे हे मोठे अनर्थ टाळण्यासाठी पत्करलेले लहान पाप होय, असे त्याचे समर्थन. रेन्फ्रीची बाजू निराळी आहे. ती राजकन्या, सावत्र आईने तिला मारण्यासाठी अरण्यात माणूस धाडला, पुढे ती बुटक्यांच्या टोळीत राहिली. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातील हिमगौरीची कथाच येथे उलटी करून मांडली आहे. फक्त या हिमगौरीने सूडासाठी शस्त्र उचलले आहे. तीही गेराल्टला तेच सांगते : मांत्रिकाला मार, ते लहान पाप ठरेल. गेराल्ट दोघांनाही नकार देतो.

बाजाराच्या दिवशी सकाळी त्याला उलगडा होतो. मांत्रिक बुरुजाबाहेर येईपर्यंत बाजारातील माणसे कापीत राहावयाची, असा रेन्फ्रीच्या टोळीचा बेत असावा. तो चौकात धावतो आणि टोळीतील माणसांना ठार करतो. एवढ्यात रेन्फ्री बुरुजाकडून परत येते. सारे ब्लाविकेन मारलेस तरी मी बाहेर येणार नाही, असे मांत्रिकाने तिला हसत सांगितलेले असते. म्हणजे ते हत्याकांड निष्फळच ठरले असते. ती बेत सोडून देणार होती काय, याचे उत्तर कथा देत नाही, आणि हे मौन कथेतील सर्वांत कठोर भाग आहे. दोघांचे द्वंद्व होते, रेन्फ्री मरते. जमाव गेराल्टवर दगड फेकतो. काल्डेमेनच त्याला गाव सोडून जाण्यास, पुन्हा कधीही न येण्यास सांगतो.

उपनामाचा उगम येथे, जमावाच्या आणि वाचकाच्या ज्ञानातील अंतरात आहे. निवेदकाने वाचकाला बुरुजात नेले, रात्रीचे संवाद ऐकविले. जमावाने यांतले काहीच ऐकलेले नाही. त्याने पाहिले ते एवढेच : भर बाजारात एका परक्याने काही माणसे आणि एक मुलगी कापली. टाळलेले हत्याकांड कोणाला दिसत नाही; घडलेले दिसते. त्यामुळे जमाव कृतघ्न आहे असे म्हणणे सोपे असले तरी अन्यायाचे होईल. त्याची साक्ष अपुरी आहे, खोटी नाही.

नावाच्या रचनेतही अर्थ आहे. पोलिशमधील मूळ शब्द 'झेझ्निक' हा मांसविक्रेत्याचा साधा व्यवसायवाचक शब्द. तो कत्तल या अर्थाच्या 'झेझ' या शब्दापासून बनला आहे. वॉर्सातील व्होला या भागात १९४४ मध्ये जर्मनांनी केलेला नागरिकांचा संहार पोलिशमध्ये याच शब्दाने ओळखला जातो. मराठीत 'खाटीक' म्हटल्यास व्यवसाय डोळ्यांसमोर येतो, 'कसाई' म्हटल्यास क्रौर्यही. म्हणून अनुवादात दुसराच शब्द योग्य. स्थलनामाला हा शब्द जोडण्याची पद्धत आपल्याही परिचयाची आहे : १९१९ च्या जालियनवाला बागेनंतर रेजिनाल्ड डायरला 'अमृतसरचा कसाई' म्हटले गेले. तेथे नाव आणि कृत्य एकमेकांशी जुळतात. साप्कोव्स्की तोच साचा घेतात आणि तो निःशस्त्रांचा संहार थांबवू पाहणाऱ्याच्या माथी मारतात.

२०१९ च्या नेटफ्लिक्स मालिकेच्या पहिल्या भागात ही कथा आली; तेथे मांत्रिकच जमावासमोर गेराल्टवर कत्तलीचा ठपका ठेवतो. प्रसंग नाट्यमय झाला, पण उपनामाचा उगम एका खलपुरुषाच्या तोंडी गेल्याने कथेतील अवघड प्रश्न हलका झाला.

खेळांची वाट वेगळी आहे. २००७, २०११ आणि २०१५ मधील तिन्ही मुख्य खेळ कथांनंतरच्या काळात घडतात. ब्लाविकेनचा प्रसंग त्यांत खेळावयास मिळत नाही. कथा न वाचलेल्या खेळाडूपर्यंत 'कसाई' हे नाव पोहोचते, त्याचे कारण पोहोचत नाही. शिवाय पहिल्या खेळाच्या आरंभी गेराल्टची स्मृती नष्ट झालेली आहे. म्हणजे लोक ज्या कृत्याचे नाव त्याला देतात ते त्याला स्वतःलाही आठवत नाही, आणि त्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्या खेळाडूला तर ते ठाऊकच नसते.