वजन घटले, पण काय घटले?

आषाढीची वारी करून श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतते, तेव्हा खामगाव ते शेगाव या शेवटच्या टप्प्यात असंख्य लोक तिच्याबरोबर पायी चालतात. अंतर सोळा-सतरा किलोमीटरचे. बुलढाणा जिल्ह्यातील शिक्षकांशी बोलताना एका गुरुजींनी आम्हाला सांगितले, "निघताना वजन केले आणि पोहोचल्यावर पुन्हा केले. दोन किलो कमी भरले! असे चार वेळा चाललो तर पोट सपाट होईल." सगळे हसले. पण त्यातला प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते दोन किलो नेमके कशाचे होते?

आपण हिशेब मांडू. ६० किलो वजनाच्या माणसाला सपाट रस्त्याने १७ किलोमीटर चालण्यास ढोबळमानाने ७०० किलोकॅलरी ऊर्जा लागते. शरीरातील चरबीच्या एक किलो थरात सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठवलेल्या असतात. म्हणजे सगळी ऊर्जा चरबीतूनच आली असे मानले, तरी चरबी घटली फक्त ९० ग्रॅम! बाकीचे वजन गेले ते मुख्यतः घामावाटे. चार तासांच्या चालीत दोन लिटर घाम सहज जातो आणि एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. गुरुजींनी मुक्कामी पाणी प्यायले, जेवण केले की ते वजन परत आले.

उपवासाचेही असेच आहे. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखरेची साठवण असते. ती ४००-५०० ग्रॅम असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. खाणे एकदम तोडले की पहिल्या दोन-तीन दिवसांत ही साठवण रिकामी होते आणि दीड-दोन किलो वजन उतरते. 'आठ दिवसांत चार किलो कमी' अशा जाहिरातींचे बरेचसे रहस्य येथे आहे. भाकरी-भात पुन्हा सुरू झाला की साठवण भरते आणि काटा पूर्वीच्या जागी येतो.

खरे नुकसान याच्या पुढचे आहे. उपासमार लांबली आणि अंगमेहनत नसली, तर शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून वापरते. स्नायूचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो. त्यामुळे एक किलो स्नायूतून जेमतेम हजारभर किलोकॅलरी मिळतात. आता गंमत पाहा. ७,७०० किलोकॅलरींची तूट चरबीतून भरली, तर वजन एक किलो घटेल. तीच तूट स्नायूंतून भरली, तर सात-आठ किलो घटेल! प्रत्यक्षात दोन्ही थोडे थोडे खर्च होते, पण मुद्दा ध्यानात यावा. फार झपाट्याने घटणारे वजन हे बहुधा पाणी आणि स्नायू यांचे असते. रक्तातील साखर वापरून टाकण्याचे मोठे काम स्नायूच करतात. ते गमावणे म्हणजे घरातला कमावता माणूस गमावण्यासारखे आहे.

वजन ठीक असूनही चरबी जास्त असू शकते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन शास्त्रज्ञांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बॉडी मास इंडेक्स मिळतो. तो दोघांचाही २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांतही हेच पाहिले होते. इंग्लंडमधील बाळांपेक्षा ही बाळे वजनाने बरीच कमी होती, पण पाठीवरील कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. हातपाय बारीक आणि पोट पुढे, अशी अंगकाठी आपल्याकडे सर्रास दिसते. तिला 'सडपातळ' म्हणून आपण निर्धास्त राहतो.

म्हणून काट्याच्या जोडीला शिंप्याची टेप ठेवावी. भारतीयांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त कंबर ही धोक्याची खूण मानतात. सहज श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरावी. व्यायाम सुरू केल्यावर वजन तेवढेच राहून कंबर कमी झाली, तर निराश होऊ नये. चरबी उतरून स्नायू भरत असल्याची ती चांगली खूण आहे. त्यासाठी खाणे थोडेच कमी करावे, पण वरण, उसळ, दूध, चालत असल्यास अंडी, यांत काटकसर करू नये. चालण्याबरोबर बैठका, जोर किंवा ओझे उचलण्याचे कामही हवे.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. एका विद्यार्थ्याचे वजन करावे, त्याला अर्धा लिटर पाणी पाजावे आणि लगेच पुन्हा वजन करावे. अर्धा किलो वाढलेले दिसेल. मग विचारावे, "हा जाड झाला का?"

शेवटी एक अनुभव. आमच्या परिचयाच्या एका शिक्षकांचे वजन काही न करता तीन महिन्यांत सहा किलो उतरले. सहकाऱ्यांनी अभिनंदन केले, तेही खूश होते. मात्र तहान फार लागे आणि रात्री लघवीला वारंवार उठावे लागे. तपासणीत मधुमेह निघाला. पेशींना साखर वापरता येत नव्हती, ती लघवीवाटे जात होती आणि भुकेलेले शरीर स्वतःचे स्नायू व चरबी जाळत होते. उपचार सुरू झाल्यावर त्यांचे वजन थोडे वाढले, आणि ती वाढ आनंदाची होती. तेव्हा कुणी "माझे वजन घटले" असे सांगितले, तर अभिनंदनापूर्वी एवढेच विचारावे, "काय घटले?"