कढईत उरलेले तेल

आखाजीचा सण उरकतो, पाहुणे आपापल्या गावी परततात, आणि चुलीशेजारी कढई तेवढी राहते. कुरडया, पापड, सांजोऱ्या तळून झालेल्या असतात. तळाशी अर्धा-पाऊण लिटर काळसर तेल उरलेले असते. ते टाकवत नाही आणि धड खाववतही नाही. गृहिणी ते गाळून बरणीत भरते व चार दिवसांनी त्यात पुन्हा भजी तळते. हे काटकसरीचेच लक्षण आहे, आणि काटकसर हा काही दोष नव्हे. परंतु ही काटकसर कोठवर हितकर आणि कोठून पुढे महाग, हे समजून घेतले पाहिजे.

तेल म्हणजे ग्लिसरीन आणि मेदाम्ले यांची जोडणी होय. तळताना ते १७० ते १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. पिठातील पाण्याने ही जोडणी सुटू लागते. हवेतील प्राणवायूने तेलात नवे, अपायकारक पदार्थ तयार होतात. आणि उष्णतेने तेलाचे रेणू एकमेकांस चिकटून तेल दाट होते. कढईच्या काठावर बसणारा चिकट थर तो हाच. तेल लवकर धुरावू लागले, फेसाळले, दाट झाले की ते बिघडले असे समजावे. येथे पुष्कळांचा एक गैरसमज असतो, तो हा की गाळले म्हणजे तेल शुद्ध झाले. गाळण्याने करपलेले कण निघतात. बदललेले तेल बदललेलेच राहते.

मग करावे काय? तळणीला मुळातच बेताचे तेल घ्यावे. एकदा तळलेले तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीस संपवावे. पुन्हा तळणीस घेऊ नये, असा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला आहे. हॉटेले व फरसाणवाले यांच्यासाठी कायदाही आहे. अशा बिघाडाच्या पदार्थांचे, म्हणजे ध्रुवीय संयुगांचे, प्रमाण २५ टक्क्यांपलीकडे गेलेले तेल १ जुलै २०१८ पासून खाण्यास वर्ज्य ठरले आहे.

एवढे करूनही जे उरते, त्याला दोन वाईट वाटा फुटतात. पहिली वाट मोरीची. मोरीत ओतलेले तेल दिसेनासे होते, नाहीसे होत नाही. ते गटारात थिजून कचऱ्याला धरून बसते. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागाखालील गटारात चरबीचा असाच २५० मीटर लांबीचा, १३० टन वजनाचा गोळा सापडला होता. आपल्याकडे गटाराचे पाणी उताराने शेवटी मोसमकडेच जाणार. आणि पाण्यावर तेलाचा तवंग पसरला की खालच्या जीवांना हवा मिळत नाही.

दुसरी वाट याहून वाईट. मोठ्या तळणीचे जळके तेल स्वस्तात विकले गेले, तर ते दुसऱ्या कोणाच्या कढईत उतरू शकते. त्याची झळ कोणाला लागते? कांद्याच्या बाजारात दिवसभर गोण्या वाहून दोन भज्यांवर वेळ मारणाऱ्या हमालाला, आणि सुट्टीत वड्यासाठी धावणाऱ्या पोराला. आपण वाचविलेले चार पैसे दुसऱ्याच्या प्रकृतीतून वसूल होतात.

सरळ वाट मात्र आहे. या तेलात मिथेनॉल व थोडा अल्कली घालून ते तापविले, की ग्लिसरीन सुटते व बायोडिझेल तयार होते. १०० किलो तेलाला सुमारे ११ किलो मिथेनॉल लागते; त्यातून जवळजवळ १०० किलो बायोडिझेल व सुमारे १० किलो ग्लिसरीन निघते. मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही असल्यामुळे हे काम कारखान्याचे, घरचे नव्हे. कल्पना मात्र जुनी आहे. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविले होते. आपल्या देशात १० ऑगस्ट २०१९ रोजी सरकारी मालकीच्या तीन तेल कंपन्यांनी १०० शहरांत अशा बायोडिझेलच्या खरेदीसाठी प्रस्ताव मागविले. कॉस्टिक सोड्याने याच तेलाचा धुण्याचा साबणही होतो. मात्र तो सोडा कातडी जाळणारा असल्यामुळे ते काम जाणकाराच्या हातीच द्यावे.

अडचण एकच. शहरात एका हॉटेलात डबा भरतो. एका घरच्या अर्ध्या लिटरासाठी कोण येणार? याचे उत्तर मोसमच्या काठी शोधण्यास दूर जावे लागत नाही. येथील फड पद्धतीत एकेका शेतकऱ्याने स्वतंत्र पाट काढला नाही. बंधारा सर्वांचा, कालवा सर्वांचा, आणि पाण्याची वाटणी पाहणारा पाटकरीही सर्वांचा. तेलाचेही तसेच करता येईल. थंड झालेले तेल प्रत्येक घराने बाटलीत साठवावे; गल्लीने एका झाकणाच्या डब्यात जमा करावे; हिशेब ठेवणारा एक माणूस नेमावा, आणि परवानाधारक संकलकालाच ते द्यावे. फरसाणवाले व मंगल कार्यालये यांचे तेल त्यात मिळाले, तर गाडीचा फेरा परवडेल.

पाणी वाटून घेण्याची शिस्त या खोऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या पाळली. तेल गोळा करण्याची शिस्त त्याहून अवघड नाही. पुढच्या आखाजीला कढई उतरविताना शेजारी एक रिकामी बाटली ठेवावी, एवढ्यापासून आरंभ होतो.