काटा एक सांगतो, आकडे दुसरंच

जत तालुक्यात अंतरं लांब आणि वस्ती विरळ. क्षेत्रफळाने सांगली जिल्ह्यातला हा सगळ्यात मोठा तालुका. एका टोकाला डफळापूर, दुसऱ्या टोकाला उमदी, आणि उमदी ओलांडली की कर्नाटक. जत गावाला रेल्वे नाही. मिरज–पंढरपूर मार्गावर ‘जत रोड’ नावाचं स्थानक आहे, पण जत गाव तिथून बरंच लांब. त्यामुळे बाजार असो, दवाखाना असो, की गुड्डापूरच्या दानम्मादेवीचं दर्शन, सगळं गाडीवरच. मुंबई-पुण्यात एव्हाना भंगारात गेल्या असत्या अशा वयाच्या मारुती ८००, वडापातून, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीतून, निवृत्त झालेल्या जीपगाड्या इथे शेतावर आणि बाजाराला अजून कामाला येतात. या गाड्यांत एक यंत्र असं आहे की ते बिघडलं तरी गाडी अडत नाही, म्हणून कुणी त्याच्याकडे बघतही नाही. ते म्हणजे केबलवर चालणारा स्पीडोमीटर, गॅरेजच्या बोलीत नुसतं ‘मीटर’.

मीटर पूर्ण बंद असेल तर निदान कळतं तरी. चुकीचं दाखवणारं मीटर जास्त वाईट. काटा नाचतो, ऐंशीवर जाऊन तिथेच बसतो, किंवा आपण सत्तरने चाललोय असं तो सांगत असताना लादलेला ट्रक आरामात पुढे निघून जातो. अशा वेळी हमखास सल्ला मिळतो, ‘मीटरच बदलून टाका.’ बहुतेक वेळा दोष मीटरमध्ये नसतोच, आणि नवं मीटर त्याच चुका त्याच थाटात पुन्हा दाखवतं.

याचं कारण यंत्राच्या बांधणीत आहे. स्पीडोमीटर रस्त्यावरचा वेग मोजत नाही. गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या फेऱ्यांवरून तो वेगाचा अंदाज बांधतो. शाफ्टवर मळसूत्रासारखे दाते असतात आणि त्यांत एक छोटं, बहुधा प्लास्टिकचं पिनियन अडकलेलं असतं. मारुती ८०० मध्ये हा जोड गिअरबॉक्स-डिफरन्शिअलच्या कवचात असतो, फोर-व्हील ड्राइव्हच्या जीपमध्ये ट्रान्स्फर केसवर. पिनियनच्या टोकाच्या चौकोनी भोकात केबलचं चौकोनी टोक बसतं. ही केबल म्हणजे पोलादी तारांचे उलटसुलट थर देऊन वळलेली दोरी. बाहेरच्या नळीत ती फिरते आणि डॅशबोर्डमागे एक लहानसा चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची पातळ वाटी असते. दोघांमध्ये केसाएवढी फट असते, ते कुठेही टेकत नाहीत. चुंबक फिरला की वाटीत भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि वाटी चुंबक फिरतो त्याच दिशेने ओढली जाते. वाटीच्या दांड्यावर घड्याळातल्यासारखी केसस्प्रिंग तिला मागे खेचते. वेग वाढला की ओढ वाढते. ओढ आणि स्प्रिंग जिथे बरोबरीला येतात, तिथे काटा थांबतो.

फिरत्या धातूच्या चकतीचा चुंबकसूचीवर परिणाम होतो हे फ्रान्सच्या आरागोने १८२४ मध्ये दाखवलं. त्याचं कारण १८३१ मध्ये फॅरेडेने सांगितलं. त्यावरून गाडीचा वेग दाखवणारं यंत्र जर्मनीच्या ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये पेटंट केलं. पुढची शंभरएक वर्षं जगभरच्या गाड्यांनी तेच वापरलं. कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी असो, उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर असो, की १९८३ साली आलेली मारुती, तत्त्व एकच.

आता या यंत्रातली सगळ्यात उपयोगी गोष्ट. किलोमीटरचे आकडेही त्याच केबलवर फिरतात, पण निव्वळ दात्यांनी. तिथे चुंबक नाही, स्प्रिंग नाही, वाटी नाही. केबल इतके फेरे फिरली की आकडा एक घर पुढे, एवढाच हिशोब. म्हणजे एकाच केबलचे हे दोन साक्षीदार. त्यांची जबानी जुळते की नाही, यावरून चोर कुठे लपलाय ते कळतं. दोघंही गप्प असतील तर केबल तुटली आहे, नाहीतर पिनियनचे दाते गेले आहेत. आकडे बरोबर आणि काटा स्थिर पण चुकीचा, तर केबलपर्यंत सगळं ठीक आहे आणि दोष मीटरच्या डोक्यात आहे. काटा ठीक पण आकडे थांबलेले, तर मीटरमधले बारीक दाते झिजलेत. दोघंही सारख्याच प्रमाणात चुकत असतील, तर मीटर बिघडलेलं नाही. टायरकडे किंवा पिनियनकडे बघायचं, नाहीतर मीटर दुसऱ्याच गाडीचं नाही ना ते.

ही जबानी घ्यायला जतसारखी जागा नाही. विजापूर–गुहागर महामार्ग जतवरून जातो. माळरानावरचे सरळ, सपाट पट्टे आणि कडेला पिवळ्या माथ्याचे किलोमीटरचे दगड. पाचाच्या पटीतला दगड मोठा असतो आणि त्यावर पुढच्या गावांची नावं असतात. टायरमध्ये हवा नीट भरायची, एका दगडापाशी किलोमीटरचा आकडा टिपायचा आणि दहा किलोमीटर जाऊन पुन्हा बघायचा. रुंदीकरणात एखादा दगड इकडेतिकडे झालेला असतो, म्हणून एका किलोमीटरवर भिस्त ठेवायची नाही. मग काटा साठावर स्थिर धरून शेजारी बसलेल्याने दगड ते दगड सेकंद मोजायचे. ३६०० ला सेकंदांनी भागलं की खरा वेग मिळतो. ६० सेकंद लागले तर काटा बरोबर, ६६ लागले तर खरा वेग साडेचोपन्नच्या आसपास. आता खिशातल्या फोनचं जीपीएसही हे सांगतं. मात्र रस्ता सरळ आणि वेग स्थिर हवा.

हीच मोजणी वीस, चाळीस, साठ अशा वेगांना करावी. चूक सगळीकडे तेवढीच, समजा दहाने, असेल तर कुणीतरी काटा काढून चुकीच्या जागी बसवला आहे. चूक वेगाबरोबर वाढत असेल, तर गोष्ट वेगळी.

जतच्या बाजूला प्रमाणात वाढणाऱ्या चुकीचं पहिलं कारण टायर. मारुती ८०० चा मूळ टायर १४५/७० आर १२. खडबडीत पाणंद रस्त्यावर पोट घासू नये म्हणून अनेकजण आल्टोचा १४५/८० आर १२ बसवतात. त्याचा व्यास साधारण ५०८ मिलिमीटरवरून ५३७ वर जातो, म्हणजे पावणेसहा टक्के वाढ. काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी त्रेसष्टच्या पुढे असते. उलट मूळ मापाचाच टायर सहा मिलिमीटर झिजला की व्यास बाराने कमी होतो आणि काटा दोनएक टक्के जास्त दाखवतो. यात बिघाड काहीच नाही.

दुसरं कारण म्हणजे दुसऱ्याच गाडीचं मीटर. जपानी वळणाच्या गाड्यांत केबल किलोमीटरला ६३७ फेरे फिरते, इतर अनेक गाड्यांत १०००. हजारच्या गाडीला ६३७ चं मीटर लावलं, तर साठच्या वेगाला काटा चौऱ्याण्णव दाखवेल. भंगारातून स्वस्तात मिळालेल्या मीटरची ही फसवणूक कितीही तेल घातलं तरी जात नाही.

काटा नाचत असेल तर मात्र केबल काढायची. जाणता मेस्त्री तिची आतली तार नळीतून ओढून काढतो, रॉकेलने धुतो, फडक्याने पुसतो. मग दोन्ही हातांत दोन टोकं धरून ती पाळण्यासारखी खाली सोडतो आणि एक टोक चिमटीत हळूहळू पिळतो. तार सरळ असेल तर दुसरं टोक तितक्याच संथपणे फिरतं. कुठे मुरड पडली असेल तर ते थोडा वेळ अडून एकदम उसळतं. हीच उसळी काट्याला नाचवते. मुरडलेली तार सरळ करत बसू नये, नवी घालावी. ती बसवताना नळीला तीव्र वळण नको, आणि ग्रीस हलकं हवं. मीटरकडचं वीतभर टोक कोरडंच ठेवायचं. नाहीतर फिरत्या तारेवरून ग्रीस वर चढतं, चुंबक आणि वाटीच्या फटीत भरतं, आणि काटा भलत्याच आकड्यावर जाऊन चिकटतो. पुष्कळ मीटरं बिघडत नाहीत, ‘सर्व्हिसिंग’मध्ये मारली जातात. जतची बारीक धूळ त्या ग्रीसला मिळाली की कुरंडाचा लेपच होतो.

डोक्यातला दोष शेवटी तपासायचा. केसस्प्रिंग सैल पडली तर काटा जास्त दाखवतो, चुंबक क्षीण झाला तर कमी. वाटीवरची ओढ चुंबकीय क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून चुंबक पाच टक्के उतरला तर काटा जवळजवळ दहा टक्के खाली येतो. आणि जतचा उन्हाळा यात आणखी एक खेळ करतो. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. पहाटेची गाडी आणि वैशाखातल्या दुपारी तापलेला डॅशबोर्ड यांत तीस अंशांचा फरक पडला, तर काटा दहाबारा टक्के ढिला पडायला हवा. तसं होत नाही, कारण चुंबकाजवळ निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूचा तुकडा असतो. तो थंड असताना चुंबकीय बळाचा काही भाग स्वतःकडे वळवतो, आणि तापला की तो भाग वाटीला सोडून देतो. मीटर उघडून साफ करताना हा ‘निरुपयोगी’ तुकडा फेकून दिला, तर मीटर ऋतूप्रमाणे वेग सांगू लागतं.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ११७ वा नियम वाहनाला स्पीडोमीटर हवा असं सांगतो. तो किती अचूक हवा, याची आंतरराष्ट्रीय रीत एकतर्फी आहे. खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त मात्र एका मर्यादेपर्यंत चालतं. जुन्या गाडीच्या मालकालाही हाच नियम पुरेसा आहे. काटा साठच्या जागी तीन-चार जास्त सांगत असेल तर त्याला हात लावू नका, कारखान्यानेच तो तसा ठेवला असण्याची शक्यता आहे. कमी सांगत असेल तर आधी टायरवरचं माप वाचा, मग केबल काढा, आणि मीटर उघडायची पाळी आली तर त्या आधी किलोमीटरच्या आकड्यांना विचारा.