टाचेमागची शीर दुखतेय? इंजेक्शनआधी हे वाचा

बजाजनगर : वाळूज एमआयडीसीत सेफ्टी शूज घालून अख्खी शिफ्ट उभ्याने काढायची, सुटीला धावायचे, आषाढीला छोट्या पंढरपूरला पायी जायचे, पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या अकिलीस कंडरेवर ताण येणारच. सकाळची पहिली पावले लंगडत पडतात, दुखणे तीन महिने हटत नाही. रजा टाकली की पगार कापला जातो, म्हणून मागणी होते, 'डॉक्टर, एक इंजेक्शन द्या!'

पीआरपीचे काय?

सध्या चर्चा याचीच. रुग्णाचेच रक्त काढून यंत्रात फिरवतात आणि त्यातला प्लेटलेट्सचा भाग कंडरेत टोचतात. खर्च हजारोंत जातो. ब्रिटनमध्ये २४० रुग्णांपैकी काहींना खरे पीआरपी दिले, काहींना नुसती सुई टोचली. सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच! हा निष्कर्ष २०२१ मध्ये 'जामा' नियतकालिकात आला. २०१० मध्ये नेदरलँड्समधील ५४ रुग्णांच्या चाचणीतही पीआरपी सलाइनपेक्षा सरस ठरले नव्हते.

स्टेरॉइडने दुखणे लवकर कमी होते. पण कंडरा कमजोर होऊन तुटण्याची भीती असते. दुखत नाही म्हणून माणूस पुन्हा धावू लागतो, तोही धोकाच. डेन्मार्कच्या २०२२ च्या चाचणीत मात्र व्यायामासोबत दिलेल्या स्टेरॉइडचा फायदा दिसला. तिथे सुई सोनोग्राफीत पाहून, कंडरेच्या आत न टोचता बाहेर दिली होती. अंदाजाने टोचलेल्या सुईला तो निष्कर्ष लागू होत नाही.

मग आधी काय?

व्यायाम. स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरात आहे. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहून दुखरी टाच सावकाश खाली न्यायची. १५ वेळा, तीन फेऱ्या, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. कंटाळवाणे आहे, पण फुकट आहे. दुखणे थेट टाचेच्या हाडाशी असेल तर टाच पायरीखाली नेऊ नये. सपाट जमिनीवरच करावे. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घेतलेले बरे.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिक्सनेही कंडरेला इजा होऊ शकते. त्या गोळ्या चालू असताना टाचेमागे दुखू लागले तर डॉक्टरांना लगेच सांगावे. आणि चालताना मागून कुणी लाथ मारल्यासारखे वाटले, 'कट्' आवाज आला, चवड्यावर उभे राहता येईना, तर मालीश करत बसू नये. त्याच दिवशी घाटीतील किंवा जवळच्या अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.