मल्टिपल स्क्लेरोसिस आणि फ्लूची लस

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, या आजारात रोगप्रतिकार यंत्रणा मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंभोवतीच्या मायलिन या मेदयुक्त आवरणावर हल्ला करते. स्वतःच्याच शरीरावर उलटलेल्या या यंत्रणेला लस टोचून आणखी डिवचावे का, अशी शंका रुग्णांना, आणि एके काळी अनेक डॉक्टरांनाही, पडत असे. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या लशीनंतर जीबीएसचे, म्हणजे २०२५ मध्ये पुण्यात ज्याची साथ आली त्याच चेतारोगाचे, काही रुग्ण आढळले व ती मोहीम थांबवावी लागली. जीबीएस आणि एमएस हे वेगळे आजार असले, तरी भीती असे भेद पाहत नाही.

या शंकेचा कस १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत लागला. एमएसच्या १०४ रुग्णांपैकी काहींना फ्लूची लस आणि काहींना औषधविरहित इंजेक्शन दिले गेले, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णांना वा तपासणाऱ्यांना ठाऊक नव्हते. पुढील २८ दिवसांत लस घेतलेल्यांपैकी तिघांचा, तर न घेतलेल्यांपैकी दोघांचा आजार उलटला. हा फरक इतका किरकोळ आहे की त्यावरून लशीला दोष देता येत नाही. याउलट, श्वसनमार्गाच्या विषाणुसंसर्गानंतर आजार उलटण्याची शक्यता वाढते हे अनेक अभ्यासांत दिसले आहे, आणि नुसत्या तापानेही मायलिन गमावलेल्या तंतूंतील संदेशवहन मंदावून जुनी लक्षणे तात्पुरती बळावतात. म्हणजे भ्यायचेच तर फ्लूला भ्यावे.

आज खरा प्रश्न निराळाच आहे: एमएसवरील औषधे लशीचा परिणाम कितपत टिकू देतात? बीटा इंटरफेरॉन घेणाऱ्यांमध्ये तो जवळजवळ नेहमीसारखा असतो. मात्र ऑक्रेलिझुमॅब हे औषध प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींच्या पूर्वज असलेल्या बी पेशीच घटवत असल्याने लशीला मिळणारा प्रतिसाद क्षीण होतो. म्हणून ही लस शक्यतो ते सुरू करण्यापूर्वी निदान दोन आठवडे घ्यावी, असे सांगितले जाते. औषध आधीच चालू असेल, तर अपुरे का होईना संरक्षण मिळावे म्हणून लस दरवर्षी घेणेच योग्य ठरते. टोचली जाणारी लस निष्क्रिय विषाणूंची असते, पण नाकात फवारली जाणारी लस जिवंत, दुर्बल केलेल्या विषाणूंची असल्याने प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांना ती टाळावी लागते. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात जोर धरत असल्यामुळे युरोप-अमेरिकेतील शरद ऋतूचे वेळापत्रक इथे जसेच्या तसे लागू पडत नाही, आणि पावसापूर्वी लस घेण्याबाबत रुग्णाने आपल्या न्यूरॉलॉजिस्टशी औषधाच्या पुढील डोसची तारीख समोर ठेवूनच बोलावे.